शेवटच्या सत्रात नवी प्रोसिजर नको, पूर्ण ड्युटी शिकवा

एका नर्सिंग कॉलेजच्या ट्यूटरनी विचारलंय: 'आमच्या बी.एस्सी.च्या मुली चांगल्या मार्कांनी पास होतात. प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षकही कौतुक करून जातात. पण नोकरीला लागून दोन-तीन महिने होतात न होतात तोच फोन यायला लागतात, "मॅडम, मला नाही जमत." काही जणी सोडूनच देतात. शेवटच्या वर्षात आम्ही आणखी काय शिकवायला हवं?'

आणखी काही नको, मॅडम. जे आहे तेच वेगळ्या रीतीनं करून घ्यायला हवं.

मी सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स म्हणून लागले, पुढे परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इनचार्ज सिस्टर झाले, आणि आता बरीच वर्षं नव्यानं रुजू होणाऱ्या मुलामुलींचं इंडक्शन बघते. तुमच्याकडून निघालेली मुलगी पहिल्या दिवशी ज्या नर्सिंग स्टेशनला येऊन उभी राहते, तिथे मी असते. तिथून दिसतं ते सांगते. तिला काम येतं. राईल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) घालता येते, कॅथेटर लावता येतो, ड्रेसिंगची ट्रॉली तर ती कित्येक सीनियरपेक्षा नीट लावते. तिला ड्युटी येत नाही. दहा पेशंट, एक अ‍ॅडमिशन, एक डिस्चार्ज, लॅबचे फोन, ब्लड बँकेतून आलेली पिशवी, औषध बाहेरून आणायला सांगितलं म्हणून चिडलेला नातेवाईक. यातलं आत्ता काय करायचं आणि अर्ध्या तासानं केलं तरी चालेल असं काय, हे ठरवत ठरवत हातातलं काम चालू ठेवायचं, याला ड्युटी म्हणतात. आणि चार वर्षांत तिनं हे एकदाही सलग, पहिल्यापासून शेवटपर्यंत केलेलं नसतं.

केलेलं असणार कसं? आपण तिला एक पेशंट देतो. त्या एका पेशंटचा केअर प्लॅन ती पानंच्या पानं लिहिते, नर्सिंग डायग्नोसिस मांडते, ट्यूटरची सही घेते. त्यात वाईट काही नाही, विचार करायला तिथूनच शिकतात. पण उरलेल्या वेळात वॉर्डाला ती दिसते ती दोन रिकामे हात म्हणून. खाटा करा, टी.पी.आर. (ताप, नाडी, श्वास) घ्या, सॅम्पल लॅबला देऊन या. म्हणजे एकीकडे एकाच पेशंटचा सखोल अभ्यास, दुसरीकडे तीस पेशंटचं एकच काम. या दोन्हींच्या मधलं, म्हणजे सहा-आठ पेशंटची सगळी जबाबदारी, तिच्या वाट्याला पहिल्यांदा येते ती नोकरीत, आणि तीही बहुतेकदा इव्हिनिंगला, जेव्हा सीनियर कमी असतात.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत मार्लिन क्रेमर या नर्स-संशोधकांनी १९७४ मध्येच याला 'रिअ‍ॅलिटी शॉक' म्हटलं होतं. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्सच्या कौशल्याच्या पाच पायऱ्या मांडल्या, त्यात नुकती पास झालेली मुलगी दुसऱ्या पायरीवर असते. तिला नियम पाठ असतात, पण कुठला नियम आत्ता महत्त्वाचा हे परिस्थिती बघून कळायला अजून वेळ असतो. आपल्याकडे यात भर पडते ती पेशंटच्या संख्येची. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा जनरल वॉर्डासाठीचा निकष शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक आणि इतर ठिकाणी पाच पेशंटमागे एक नर्स असा आहे. वॉर्डात हे आकडे सांगून बघा, लोक हसतात. तुमची विद्यार्थिनी जाणार आहे ती त्या हसणाऱ्या वॉर्डात, तेव्हा तयारीही त्याच वॉर्डाची हवी.

२०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमानं तुमच्या हातात एक चांगली गोष्ट दिलीय. आठव्या सत्रात २२ आठवड्यांची इंटर्नशिप आहे. त्यातले सहा आठवडे प्रौढ आरोग्यासाठी, आणि समुदाय, बाल, मानसिक आरोग्य व प्रसूतीसाठी प्रत्येकी चार. हे बावीस आठवडे दोन तऱ्हांनी वाया जाताना मी पाहिलेत. कुठे इंटर्नना सरळ स्टाफच्या तुटवड्यावर लावतात, म्हणजे रोज नवा वॉर्ड, जिथे माणूस कमी तिथे पाठव. कुठे याच्या उलट, मुली ग्रुपनं फिरतात, लॉगबुक भरतात, सह्या गोळा करतात आणि तीन वाजता बसनं हॉस्टेलला.

माझं म्हणणं असं, की निदान प्रौढ आरोग्याचे सहा आठवडे एका मुलीला एकच वॉर्ड आणि एकच सीनियर नर्स द्या. त्या सीनियरची जी ड्युटी तीच हिची ड्युटी, नाईटसुद्धा. पहिल्या आठवड्यात दोन पेशंट. मग चार. पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत सहा, आणि सीनियरनं मागे उभं राहून फक्त बघायचं. पेशंट दिले म्हणजे त्यांचं सगळं दिलं: औषधं, चार्ट, राऊंड, नातेवाईकांशी बोलणं, शेवटी ओव्हर देणं, म्हणजे पुढच्या ड्युटीच्या नर्सला पेशंटची माहिती सोपवणं. 'तू सगळ्यांची इंजेक्शनं कर, मी बाकीचं बघते' ही वाटणी या सहा आठवड्यांत बंद. त्या वाटणीनं वॉर्डाचं काम पटकन उरकतं, आणि मुलगी पेशंट ओळखायला शिकतच नाही.

यातली दोन कौशल्यं खास बसून शिकवावी लागतात, कारण ती बघून बघून येत नाहीत. पहिलं, ओव्हर घेणं. नवी मुलगी ओव्हरला उभी राहते आणि मान हलवते. तिच्या हातात कागद नसतो. तिला एक चौकडीचा कागद आखायला लावा. उभ्या ओळीत खाटा, आडव्या ओळीत तास. ज्याला जे ज्या वेळी द्यायचंय ते त्या चौकोनात. झालं की काट मारायची. हा कागद ड्युटीभर खिशात. दिसायला शाळकरी गोष्ट आहे, पण एवढ्या कागदानं पहिल्या महिन्याची अर्धी धांदल कमी होते. शिवाय ओव्हर पेशंटच्या खाटेशीच घ्यायची सवय लावा. स्टेशनवर बसून घेतलेल्या ओव्हरमध्ये 'सलाइन चालू आहे' असं सांगितलं जातं, आणि खाटेशी गेल्यावर हात सुजलेला दिसतो.

दुसरं, आधी कोणाकडे जायचं. यासाठी मी एक कागदी खेळ घेते, तुम्हीही वर्गात घेऊ शकता. दुपारी दोनची ड्युटी, सर्जरीचा वॉर्ड. तीन नंबरचं सकाळी स्पायनल भुलीखाली हर्नियाचं ऑपरेशन झालंय, आल्यापासून लघवी नाही, ओटीपोटात ताण वाटतोय. पाच नंबर डायबेटिक फूट, दोनचं अँटिबायोटिक बाकी. सात नंबरला रक्त चालू, दोनला पाच कमी असताना लावलंय. नऊ नंबरचा डिस्चार्ज, मुलगा काउंटरवर उभा राहून घड्याळ दाखवतोय. अकरा नंबरचं काल आतड्याचं ऑपरेशन झालंय, ओव्हरमध्ये सांगितलं की 'जरा बेचैन आहे', दुपारी बारा वाजता मोजलेली नाडी ११०. बारा नंबर नवा, उद्या पित्ताशयाचं ऑपरेशन, संमतीपत्रापासून सगळं बाकी. सांगा, कुठे जाणार?

वर्गातल्या बहुतेक मुली सांगतात: टी.पी.आर. घेत एक नंबरपासून सुरुवात. काही जणी आधी डिस्चार्ज देतात, कारण तो ओरडतोय. आणि का नाही, ओरडणारा माणूस समोर असतो, बेचैन पेशंट गप्प असतो. बरोबर उत्तर अकरा आणि सात. अकराकडे आधी, आणि त्याच फेरीत सीनियरला किंवा बरोबरच्या नर्सला सातपाशी उभं करायचं, कारण रक्त लावल्यानंतरची पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळ कुणीतरी हवंच, गंभीर रिअ‍ॅक्शन बहुतेकदा त्यातच दिसायला लागते. मग तीन नंबर. पाचचं अँटिबायोटिक वीस मिनिटं उशिरा गेलं तर आकाश कोसळत नाही. नऊ नंबरच्या मुलाला मात्र जाता जाता एक वाक्य बोलायचं, 'दादा, अर्ध्या तासात तुमचे कागद देते, मी विसरलेले नाही.' हे वाक्यही शिकवावं लागतं. ते न बोलल्यामुळे होणारी भांडणं मी इतकी मिटवलीत की मला त्याचा वेगळा तास घ्यावासा वाटतो.

या खेळात एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. अकरा नंबरचा श्वास किती, असं विचारलं की मुली चार्ट बघून 'वीस' म्हणतात. चार्ट उघडून पाहा, सगळ्या वॉर्डाचा श्वास अठरा नाहीतर वीस असतो. कोणी मोजतच नाही. आणि पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा सगळ्यात आधी श्वास वाढतो, नाडी वाढते. तरुण पेशंटचा बीपी तर खूप उशिरापर्यंत टिकून राहतो आणि मग एकदम पडतो. पूर्ण एक मिनिट श्वास मोजायची सवय तुम्ही लावून पाठवलीत तर त्या मुलीचे सीनियरसुद्धा तिचं ऐकायला लागतील.

आता फोन. चार वर्षांत विद्यार्थिनीनं डॉक्टरला एकही फोन केलेला नसतो. तो स्टाफ करतो. मग नोकरीतल्या पहिल्या नाईटला अकरा नंबर बिघडतो आणि ती फोनवर म्हणते, 'सर, पेशंटला बरं वाटत नाहीये, येता का?' पलीकडचा रेसिडेंट छत्तीस तास जागा असतो, म्हणतो, 'बघतो.' आणि ती वाट बघत बसते. चूक दोघांचीही आहे, पण आपल्या हातात आपला अर्धा भाग आहे. तिनं असं बोलायला हवं: 'सर, सर्जरी वॉर्डातून सिस्टर बोलतेय. अकरा नंबर, काल आतड्याचं रिसेक्शन झालेले पेशंट. बारा वाजता नाडी ११०, आता १२८. बीपी ९२ बाय ६०, श्वास २८. गेल्या तासात लघवी १५ मिली. हातपाय गार आहेत. मला आत रक्तस्राव होत असल्याची शंका येतेय. तुम्ही आत्ता येऊन बघा. येईपर्यंत ऑक्सिजन लावतेय. सलाइनचा वेग वाढवू का?' यालाच एसबार म्हणतात: परिस्थिती काय, आधीचं काय, मी काय पाहिलं आणि मला काय हवंय. शेवटचा भाग मुलींना सगळ्यात अवघड जातो. 'तुम्ही आत्ता या' असं डॉक्टरला सांगणं उद्धटपणाचं वाटतं. घरात वाढवतानाच आपण मुलींना मोठ्यांसमोर गप्प बसायला शिकवतो, आणि मग वॉर्डात अपेक्षा करतो की तिनं रात्री दोनला ठामपणे बोलावं. याचा सराव तोंडानं, मोठ्या आवाजात करून घ्यावा लागतो. शक्य असेल तर इंटर्न डॉक्टरांना बरोबर बसवा. त्यांनाही कळतं की कसा फोन आला तर धावायचं.

फोन करून कोणी आलं नाही तर पुढे काय, हेही आधी माहीत हवं. रेसिडेंट, मग रजिस्ट्रार, मग लेक्चरर किंवा कन्सल्टंट. आणि रात्री नाईट सुपरवायझरला दरम्यान कळवलेलं. प्रत्येक फोनची वेळ केसपेपरवर. तोंडी ऑर्डर मिळाली तर लिहायची, लिहिलेलं वाचून दाखवायचं, आणि डॉक्टर आल्यावर सही घ्यायची. वरच्याला फोन केला म्हणून कुणी रागावलं तर रागावू दे.

औषधांचं म्हणाल तर पाच 'राइट' (योग्य पेशंट, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ) सगळ्यांना पाठ असतात. मी त्याऐवजी नेमके सापळे दाखवते. इन्सुलिन घ्या. आपल्याकडे वायलमधलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिट प्रति मिली असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेन आणि कार्ट्रिजमधलं १०० युनिट प्रति मिली, त्याची सिरिंज केशरी टोपणाची. शंभरचं इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजनं दहाच्या खुणेपर्यंत ओढलं तर पेशंटला पंचवीस युनिट जातात. दोन्ही सिरिंज टेबलावर ठेवा, रंगीत पाणी द्या आणि मुलींना स्वतः ओढून बघू द्या. एकदा हातानं केलं की विसरत नाहीत. पोटॅशियम क्लोराइडची दहा मिलीची अँप्युल साध्या डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी ठेवलेली असते आणि दिसायलाही तशीच असते. ती थेट शिरेत गेली तर हृदय थांबतं. म्हणून नव्या वॉर्डात पहिल्या दिवशी पोटॅशियम कुठे ठेवलंय ते बघायचं, आणि सुटं पडलेलं असेल तर इनचार्जला सांगायचं. सलाइनच्या ड्रॉप रेटचं सूत्रही परीक्षेपुरतं येतं: ५०० मिली आठ तासांत, मिलीला वीस थेंबांचा सेट, म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. पंप नसलेल्या वॉर्डात हे घड्याळ लावून थेंब मोजून करायचं असतं, आणि पेशंटनं हात दुमडला की पुन्हा. ते एका दुपारी करून घ्या.

चार्टबद्दल एवढंच. सहाचे व्हायटल्स (ताप, नाडी, श्वास, बीपी) चारला भरून ठेवायचा मोह प्रत्येक नाईटला होतो. जिथे नवी मुलगी लागते तिथे कुणीतरी तिला 'असंच करतात गं' म्हणून दाखवणार, हे तिला आधी सांगून ठेवा. साडेपाचला पेशंट गेला आणि सहाचा बीपी १२०/८० लिहिलेला असला तर त्या कागदाला कोर्टात उत्तर नसतं. चुकीचं लिहिलं गेलं तर एक आडवी रेघ, सही, वेळ. खोडरबर किंवा व्हाइटनर अजिबात नाही. आणि औषधाची चूक झालीच तर पहिल्या दहा मिनिटांत काय: पेशंट बघा, व्हायटल्स घ्या, डॉक्टरांना सांगा, इनचार्जना सांगा, लिहा. या क्रमाची उजळणी करून घेतलेली असली की भीतीनं लपवालपवी होत नाही, आणि पेशंटचं खरं नुकसान होतं ते लपवालपवीत.

आता जे पुस्तकात नाही ते. मुली सोडून जातात त्या कामापेक्षा माणसांमुळे जास्त. 'आम्ही सोसलं, तुम्हीही सोसा' म्हणणाऱ्या सीनियर प्रत्येक रुग्णालयात आहेत. सासूनं छळलं म्हणून सुनेला छळायचं, त्यातलाच प्रकार. पण इथे मी तुमच्या विद्यार्थिनींनाही एक गोष्ट सांगेन: कडक सीनियर आणि अपमान करणारी सीनियर यांत फरक करा. जी 'हे परत कर, श्वास मोजलेला नाहीस' म्हणते ती तुमची आहे, भले आवाज चढवू दे. जी पेशंटसमोर तुमचं कॉलेज काढते, मुद्दाम लागोपाठ नाईट लावते, तिच्याबद्दल तारखेसह लिहून ठेवा आणि योग्य ठिकाणी बोला. दुसरं, वॉर्डातल्या मावशी आणि मामांशी नीट वागा. नव्या नर्सला पेशंटची खरी खबर सगळ्यात आधी मावशींकडून कळते, आणि ऑक्सिजनचा सिलिंडर कुठल्या खोलीत आहे हे फक्त मामांना माहीत असतं. डिग्री आहे म्हणून पहिल्याच दिवशी हुकूम सोडणाऱ्या मुलीला वर्षभर कोणी मदत करत नाही. मुलांचं, म्हणजे ब्रदर लोकांचं, आणखी वेगळं: त्यांना सरसकट कॅज्युअल्टी, ऑर्थो आणि जड पेशंट उचलण्यावर लावतात आणि मेडिसिनचा अनुभवच राहून जातो. इंटर्नशिपमध्ये तुम्ही तरी तसं करू नका.

नातेवाईकांच्या हिंसेबद्दल भीती घालू नका, माहिती द्या. महाराष्ट्रात २०१० पासून यासाठी वेगळा कायदा आहे. त्यात नर्स आणि नर्सिंगचे विद्यार्थीही येतात, गुन्हा अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. पण कायदा नंतर कामाला येतो. आधी कामाला येतं ते दाराकडे पाठ न करता उभं राहणं, वाद न घालता सिक्युरिटीला बोलावणं, आणि वाईट बातमी एकटीनं न सांगणं. कामाची जागा बघताना ड्रेसिंग रूम कुठे आहे, रात्री तिथला दिवा चालू असतो का, इव्हिनिंग सुटल्यावर घरी कसं जायचं, हेही विचारायचं. मुंबईच्या केईएममधल्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये हल्ला झाला तो ड्युटी संपवून रुग्णालयातच कपडे बदलत असताना. पुढे २०१५ पर्यंत त्यांची शुश्रूषा त्याच रुग्णालयातल्या नर्सेसनी केली. हे प्रत्येक बॅचला सांगायला हवं. २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक रुग्णालयात असायला हवी. तिच्या सदस्यांची नावं कुठे लावलीत ते मुलींनी पहिल्या आठवड्यात शोधावं.

शरीराची तयारी तर आपण करतच नाही. हिपॅटायटिस बी चे तिन्ही डोस झालेत का, आणि नंतर अँटिबॉडी टायटर दहाच्या वर आलंय का, हा कागद मुलीच्या फाईलमध्ये हवा. सुई टोचली तर: पिळायचं नाही, साबण-पाण्यानं धुवायचं, लगेच कळवायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत, आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, अठ्ठावीस दिवस घ्यायची. मी अशा मुली पाहिल्यात ज्यांनी 'मॅडम रागावतील' म्हणून दोन दिवस सांगितलं नाही. सुईला टोपण परत लावायचं नाही, हे परीक्षेत सगळ्या लिहितात आणि वॉर्डात सगळ्या लावतात, कारण वापरलेल्या सुया टाकायचा पांढरा डबा खाटेपासून लांब असतो. डबा ट्रॉलीवर आणा, सवय आपोआप सुटते. नाईटबद्दल: पहिल्या नाईटच्या दिवशी दुपारी झोपायचं, रात्री बारानंतर जड जेवायचं नाही, सकाळी सुटल्यावर स्कूटर चालवत पन्नास किलोमीटर गावाला जायचं नाही.

आणि पहिला मृत्यू. डेड बॉडी केअर प्रोसिजर म्हणून येतं: डोळे मिटा, दात बसवा, लेबल लावा. गेलेल्या पेशंटच्या बायकोला काय सांगायचं ते मात्र कुणी सांगितलेलं नसतं. सांगायचं फार काही नसतं. डॉक्टरांनी सांगितल्यावर जवळ थांबायचं, खुर्ची द्यायची, 'कोणाला फोन लावू?' विचारायचं, आणि मोबाइलमध्ये बघायचं नाही. त्याच ड्युटीत त्या मुलीला दुसरे नऊ पेशंट असतात. म्हणून तुमच्या बॅचमध्ये महिन्यातून एकदा तासभर फक्त बोलायला ठेवा: या महिन्यात काय बघितलं, काय जड गेलं. मार्क नाहीत, हजेरी नाही, लॉगबुक नाही. सुरुवातीला कोणी बोलत नाही. तिसऱ्या वेळेला थांबत नाहीत.

कागदपत्रांचं मी पटकन सांगते. निकाल लागल्याबरोबर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन. त्याशिवाय स्वतःला नर्स म्हणवून काम करता येत नाही आणि रुग्णालयं मुलींना 'ट्रेनी' म्हणून कमी पगारात अडकवून ठेवतात. मूळ सर्टिफिकेट कोणाकडेही जमा करायची नाहीत. दाखवायची आणि परत घ्यायची. बाँडवर सही करण्यापूर्वी घरच्यांपैकी एखाद्या समजत्या माणसाला वाचायला द्यायचा. नेमणूकपत्रात पगार, ड्युटीचे तास, सुट्ट्या, पीएफ लिहिलेलं हवं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीनं सांगितलंय की पन्नास खाटांपेक्षा लहान खासगी रुग्णालयातही नर्सचा पगार महिना २०,००० पेक्षा कमी नसावा, आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सच्या बरोबरीचा असावा. ही शिफारस आहे, बहुतेक ठिकाणी पाळली जात नाही. पण मुलाखतीला जाताना आकडा माहीत असणारी मुलगी आणि 'तुम्ही द्याल ते' म्हणणारी मुलगी यांच्यात फरक पडतोच.

पहिली नोकरी कुठे? यावर माझं मत बऱ्याच जणींना पटत नाही. पगार दोन हजारांनी जास्त म्हणून थेट आयसीयूत जाऊ नये. आयसीयूत पेशंट एक किंवा दोन असतात, मॉनिटर सगळं सांगतो, आणि डॉक्टर शेजारी असतो. वर्षानं ती मुलगी जनरल वॉर्डात टिकत नाही. आधी निदान वर्षभर मेडिसिन किंवा सर्जरीचा वॉर्ड. वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये पहिल्या महिन्यात रात्रीची एकटी ड्युटी देतात, तेही टाळावं, घराजवळ असलं तरी. सरकारी परीक्षांची तयारी करायला दोन वर्षं घरी बसणाऱ्या मुली असतात, एम्सच्या नॉर्सेटच्या किंवा राज्याच्या भरतीच्या. त्यांना सांगा, नोकरी करत करत अभ्यास करा, हात जातो. परदेशी जायचं असेल तरी वॉर्डातला अनुभव मागतातच. आणि ज्या मुलीला गावाकडचं काम आवडतं तिला समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचा रस्ता दाखवा, उपकेंद्रात एकटीनं निर्णय घ्यायचे असतात, तिथे वर सांगितलेलं सगळं दुप्पट लागतं.

कॅम्पस इंटरव्ह्यूला जी रुग्णालयं येतात, त्यांना तुम्ही ट्यूटर म्हणून चार प्रश्न विचारा: नव्या नर्सला पहिले किती आठवडे सीनियरबरोबर ठेवता? त्या सीनियरचे पेशंट त्या काळात कमी करता का? पहिली एकटी नाईट कधी? एका ड्युटीत किती पेशंट? पहिल्या दोन प्रश्नांना नीट उत्तर नसेल तर ते रुग्णालय तुमच्या मुलींना वापरणार आहे. असं ठिकाण एखाद्या वर्षी यादीतून काढून बघा. पुढच्या वर्षी उत्तर घेऊन येतात.

सहा आठवडे एकच सीनियर, या योजनेसाठी तुम्हाला रुग्णालयाच्या अधिसेविका (मेट्रन) मॅडमची परवानगी लागेल. नुसतं 'सहकार्य करावे' असं पत्र दिलं तर ते फाईलला लागेल. पत्रात लिहा: किती विद्यार्थी, कुठले वॉर्ड, कुठल्या तारखा, प्रत्येक वॉर्डात कुठल्या परिसेविकेशी बोलणं झालंय, आणि ज्या सीनियर नर्स शिकवणार त्यांना कॉलेज काय देणार. प्रमाणपत्र द्या, वर्षातून एक दिवसाचं प्रशिक्षण द्या, जमलं तर मानधन द्या. फुकट शिकवायला सांगितलं की लोक शिकवतात, पण दोन आठवडेच. आणि पत्र महिन्याच्या वीस तारखेच्या आत घेऊन स्वतः जा. पुढच्या महिन्याचं ड्युटी रोस्टर त्यानंतर लागतं, आणि एकदा लागलं की कुठलीच मॅडम ते बदलत नाही.